हृदयाचे संशोधन आणि आपली मुले



करमाळ्यातील एका घरी आम्ही बसलो होतो. मुलगी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिला हृदयविकारावर पीएच.डी. करायची आहे. वडील म्हणाले, "भाऊ, अजून पाच वर्षं शिकायचं, मग कमवायचं कधी? बी.एड. कर म्हणतोय." वडिलांचा प्रश्न खोटा नाही. म्हणून त्याचे उत्तर सर्वांसाठीच देतो.

केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ पासून आहे. तिच्या वर्षाला २००० नव्या जागा. त्यांतील ५०० विज्ञान शाखेसाठी. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये असा दर आहे. विज्ञानाच्या मुलांनी त्यासाठी सीएसआयआरची नेट परीक्षा द्यावी. पुण्याच्या बार्टीचीही अधिछात्रवृत्ती आहे. पैसे कधी उशिरा हाती पडतात, तेव्हा काही महिन्यांची तजवीज घरच्यांनी ठेवावी.

पण हृदयच का? लहानपणी घसा वारंवार सुजतो, सांधे दुखतात, ताप येतो आणि पुढे हृदयाची झडप खराब होते. हा आजार दाटीवाटीच्या, गरीब वस्तीत अधिक. वेळीच पेनिसिलिन मिळाले तर तो टळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने कमी, पण अंगातली चरबी त्या मानाने टिकून राहिलेली! आईच्या पोटातल्या पोषणाचा पुढच्या मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी असलेला संबंध त्यातून पुढे आला. एका खोलीत आठ माणसे झोपतात म्हणजे काय, उपाशीपोटी खुरपायला जाणारी गरोदर बाई म्हणजे काय, हे ज्या मुलीने घरात पाहिले, तिला प्रयोगशाळेत वेगळा प्रश्न सुचेल. अशी मुले तिथे नसतील तर ते प्रश्न विचारणार कोण?

बडोद्याच्या महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेस गेले. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयांना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. ती दूरदृष्टी आपण वाया घालवू नये.

हे सारे ऐकून वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एक नेट देऊ द्या तिला. तोवर मी थांबतो." एवढे थांबणे प्रत्येक घराने शिकावे, हीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!