महाविद्यालय की क्लासवाल्यांची ओसरी?

महाराष्ट्रातल्या कित्येक महाविद्यालयांत दरवर्षी एक सोहळा होतो. व्यासपीठामागे फलक लागतो, 'स्पर्धा परीक्षा व करिअर मार्गदर्शन शिबिर'. पाहुणा कुठल्याशा अकादमीचा संचालक. शाल-श्रीफळ होते, 'तुम्हीही अधिकारी होऊ शकता' अशी तासभर ललकारी होते, समोरच्या पोरापोरींचे मोबाइल नंबर एका वहीत उतरवले जातात आणि पाहुणा ती वही घेऊन जातो. महाविद्यालयाकडे उरतात हजेरीपत्रक आणि जिओटॅग केलेला फोटो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात अशा मार्गदर्शनाचा लाभ किती विद्यार्थ्यांना झाला हे विचारलेले असते, म्हणून ते दोन्ही तिथे जोडले जातात. आम्ही याला लबाडी म्हणतो! ज्या संस्थेने तीन वर्षे फी घेतली, तिनेच आपल्या लेकरांचे नंबर क्लासवाल्याच्या हाती दिले आणि वर त्यांची नोंद लाभार्थी म्हणून केली.

त्या व्यासपीठावरून जे आकडे सांगितले जात नाहीत ते ऐका. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले. पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२४. अखेरच्या यादीत नावे आली १,०१६. हजार अर्जांमागे एक! त्याच वर्षी आपल्या राज्यात तलाठ्याच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. यात गुपित काहीच नाही. कोणत्याही प्राचार्याला हे दहा मिनिटांत मिळेल. परीक्षा देऊ नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गरिबाच्या घरातून उपजिल्हाधिकारी निघतो तेव्हा साऱ्या गावाची मान ताठ होते, आणि असे अधिकारी राज्याला हवेतच. पण त्या एकाचा सत्कार करताना उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचे काय, हे दडवून ठेवणे हा तरुणांशी केलेला द्रोह आहे.

त्यांचे काय होते ते पाहायचे तर पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्यालगतच्या गल्ल्यांत जा. बीडचा, नांदेडचा, बुलढाण्याचा मुलगा तिथे कॉट बेसिसवर राहतो. अभ्यासिका, मेस, टेस्ट सिरीज. सगळ्याचे पैसे बाप सोयाबीन विकून पाठवतो, आणि सोयाबीनला भाव नसेल तेव्हा उसने काढून पाठवतो. एक अटेम्प्ट दोन गुणांनी हुकतो, पुढच्या वर्षी जाहिरातच लांबते. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्व आणि आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हा मुले रस्त्यावर बसली आणि मगच राज्याच्या लोकसेवा आयोगाने आपली परीक्षा पुढे ढकलली. मुलींना तर अनेक घरांत दुसरा अटेम्प्टही मिळत नाही. पहिला हुकला की स्थळे पाहणे सुरू. मुलगा अठ्ठाविशीला गावी परततो तो बी.ए.ची पदवी घेऊन, आणि एका दिवसाच्याही कामाचा अनुभव न घेता. लग्नकार्यात 'सध्या काय करतोस?' हा प्रश्न नको म्हणून तो जाणेच सोडतो.

हे त्याला दुसऱ्या वर्षालाच सांगायचे कोणी? त्याच्या प्राध्यापकाने. पण प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून शासनाने वर्ग तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांकडे सोपवले आहेत. नेट-सेट झालेला असा अध्यापक पोटासाठी या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात धावतो. विद्यार्थ्याजवळ बसायला त्याला उसंत कुठली? हा दोष शासनाचाच. मात्र सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्या कायम प्राध्यापकांना आमचा थेट सवाल आहे: तुमच्या विभागातून गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुले आज काय करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे काय?

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणावर नेमका हा आक्षेप घेतला होता, की ते मुलाच्या पुढच्या आयुष्यात कामी येत नाही. आज तोच आक्षेप पदवीवर घ्यावा लागतो, ही आपल्या विद्यापीठांना लाज आणणारी गोष्ट आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, आणले, त्याला श्रेयांक दिले. आणि ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारून आणलेले प्रमाणपत्र डोळे मिटून स्वीकारणारेही लगेच निघाले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे. चाकण, वाळूज, सातपूर, हिंगण्याच्या एमआयडीसीत जाऊन आपल्या मुलांसाठी त्या जागा किती प्राचार्यांनी मागितल्या?

विद्यार्थ्यांनो, तुम्हीही ऐका. क्लास लावण्याआधी आयोगाचा अभ्यासक्रम आणि मागच्या प्रश्नपत्रिका स्वतः वाचा. क्लासवाल्याला विचारा: प्रवेश किती दिले, निवड किती झाली, आणि फलकावरच्या यशवंताने तुमच्याकडे पूर्ण वर्ग केला की फक्त मुलाखतीची तयारी? हे लपवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियमावली काढली आहे, तिचा आधार घ्या. किती अटेम्प्ट द्यायचे ते आईवडिलांसमोर बसून आधीच ठरवा. तयारी चालू असतानाच पोट भरेल असे एक काम हाती घ्या: हिशेब, टॅली, अनुवाद, प्रयोगशाळेतली तपासणी, काहीही. त्यात कमीपणा नाही. बापाच्या पैशावर सहावे वर्ष काढण्यापेक्षा त्यात मान अधिक आहे.

आणि कुलगुरूंनो, प्राचार्यांनो, संस्थाचालकांनो! क्लासवाल्यांना सभागृहे देणे आजच बंद करा. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याशी एका प्राध्यापकाने समोरासमोर बसून बोलावे, आणि तो वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरावा. मागच्या तीन वर्षांतल्या पदवीधरांपैकी किती नोकरीत, किती पुढच्या शिक्षणात, किती घरी बसून, हे विषयवार माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापा. जे महाविद्यालय हे छापू शकत नाही, त्याने येत्या जूनमध्ये नव्या मुलांकडून एक रुपयाही फी मागू नये.