दाराचे पॅड आणि त्याच्या क्लिपा

सुरतेहून भरूचकडे आगगाडीने निघाले की तापी ओलांडल्यावर उत्राण आणि त्यापुढे कोसाड लागते. एकेकाळचे हे गाव आज सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. तापी ही आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडूनच वाहत जाणारी नदी, आणि पोटापाण्यासाठी सुरतेस गेलेली खानदेशी कुटुंबेही पुष्कळ. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले व सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. मनुष्यहानीपुढे मोटारीचे नुकसान ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घराची चूल टॅक्सीवर पेटते, त्या घराला तसे म्हणता येत नाही.

पाणी शिरलेल्या मोटारीस प्रथम किल्ली लावू नये. बाहेरून पुसून ती स्वच्छ दिसते, पण पाणी गालिच्याखालच्या नमद्यात आणि दाराच्या पॅडमागे दडून बसते. पुढे दुर्गंधी सुटते, पत्र्यास गंज चढतो, तारांचे जोड हिरवे पडतात. म्हणून आतील अस्तर काढून वाळविणे भागच असते. आणि पुरातून वाचलेले पॅड पुष्कळदा इथेच मोडते, कारण कोणीतरी घाईने लोखंडी पेचकस खुपसतो.

हे पॅड क्लिपांवर बसविलेले असते. क्लिपेच्या दांड्यास गळाच्या काट्यासारखे तिरपे पंख असतात. पत्र्याच्या छिद्रात ती सहज शिरते, मात्र मागे पंख उमलल्यावर परतताना अडते. दुसरा प्रकार मधोमध खुंटी असलेल्या क्लिपेचा. तिची खुंटी कोठे किंचित आत दाबावी लागते, तर कोठे वर उचलावी लागते. ते पाहिल्यावाचून ओढू नये. बहुतेक क्लिपा नायलॉनच्या असतात. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांनी शोधलेला हा पदार्थ सुरतेच्या कापडबाजारास काही परका नाही. वर्षानुवर्षे उन्हात तापून वाळलेला नायलॉन ठिसूळ होतो, तेव्हा थंड सकाळी हे काम काढू नये. गाडी थोडा वेळ उन्हात राहू द्यावी.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. मग हातलीच्या खोबणीत, हात टेकण्याच्या जागी, लहान टोपणांखाली लपलेले स्क्रू शोधावेत. एकही स्क्रू राहिला असता ओढाल तर पॅड चिरलेच म्हणून समजा. नंतर खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची रुंद पाचर सरकवून फट करावी, विजेरीने क्लिप नेमकी कोठे आहे ते पाहावे, आणि दुबेळके असलेले प्लास्टिकचे हत्यार तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंस बसवून सरळ बाहेरच्या दिशेने उचलावे. हत्यार नसेल तर पेचकसास कापडी पट्टी गुंडाळावी. पण तो क्लिपेलगतच टेकवावा. वीतभर दूर टेकवून तरफ मारली की सारा भार पॅडच्या पाठीवरील क्लिपेच्या घरावर येतो. क्लिप मोडली तर थोडक्या पैशांत दुसरी मिळते. घर मोडले तर बहुधा पॅडच बदलावे लागते. म्हणून हट्टी क्लिप असेल तर तिलाच कापून टाकावे. हे शहाणपण मला दोन घरे मोडल्यावर सुचले, हे कबूल करतो.

साऱ्या क्लिपा सुटल्या तरी अनेक गाड्यांत पॅड काचेच्या कडेवर अडकवलेले असते. ते वर उचलून काढावे, हिसकू नये. मागे आतील हातलीची दोरी व काचेच्या बटणाच्या तारा असतात. पत्र्यावर डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा दिसेल. तो पावसाचे पाणी आत येऊ देत नाही, म्हणून न फाडता सोलावा व पुन्हा नीट चिकटवावा.

छताजवळच्या खांबांवरील अस्तरास मात्र घरी हात लावू नये. पुष्कळ नव्या गाड्यांत तेथे हवेची सुरक्षा-पिशवी असते आणि तेथील काही क्लिपा एकदा काढल्या की नव्याच घालाव्या लागतात. ते काम जाणत्या कारागिराचे.

बाजारात जाताना जुनी क्लिप नमुना म्हणून खिशात असू द्यावी, कारण छिद्राच्या व्यासात एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला तरी पॅड खडखडते. दोन-चार जास्तच घ्याव्यात. बसविताना मोडकी क्लिप पुन्हा वापरू नये. प्रत्येक क्लिप छिद्रासमोर आली याची खात्री करून तळहाताने ठोकावे. ‘टक्’ असा आवाज आला की ती बसली. तत्पूर्वी काचेचे बटण व आतील हातली चालते का, ते एकदा पाहून घ्यावे.