मळी, यीस्ट आणि रंग : आपला वाटा कुठे?



डिस्टिलरीत मळीचे, म्हणजे मोलॅसिसचे, अल्कोहोल होते ते यीस्टमुळे, हे आपणांस ठाऊक आहेच. डोळ्यांना न दिसणारा हा जीव साखर खातो आणि अल्कोहोल सोडतो. एक टन मळीमागे साधारण सव्वादोनशे लिटर, हा हिशेब पुष्कळांना तोंडपाठ आहे. पण याच जातीचे यीस्ट साखर खाऊन पिवळा किंवा केशरी रंगही तयार करू शकते, हे फार थोड्यांच्या कानावर आले असेल. "हे काय नवीन खूळ?" असे कोणी म्हणेल. खूळ नव्हे. उसाचा संबंध साखरेशी आणि यीस्टचा खुराक साखर, म्हणून हा विषय आपलाच आहे.

यीस्ट मुळात पांढरट. त्याने काय करावे हे त्याची जनुके ठरवतात. सन १९९६ मध्ये त्याची सारी, सुमारे सहा हजार जनुके वाचून झाली. त्याआधीच, १९९४ साली, जपानी शास्त्रज्ञांनी एका जिवाणूची जनुके यीस्टमध्ये घालून त्याच्याकडून बीटा-कॅरोटिन, म्हणजे गाजराचा केशरी रंग, करून घेतला. सन २०१५ मध्ये अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठात शुगरबीटचे एक आणि गुलबासाचे एक जनुक यीस्टमध्ये बसविले, तेव्हा यीस्ट पिवळे झाले. गुलबास म्हणजे आपल्या परसात संध्याकाळी फुलतो तोच. त्या मंडळींना खरा रस औषधी द्रव्यात होता, रंग ही त्याची खूण होती. जी वसाहत जास्त पिवळी, तिच्यात हवे ते मधले द्रव्य जास्त. बेणे मळ्यात आपण निरोगी, जोमदार ऊस डोळ्यांनी निवडतो, तशीच ही निवड.

यीस्टकडून असे परके काम करून घेणे आता नवे राहिलेले नाही. कावीळ 'ब'ची लस हैदराबादच्या एका कंपनीने १९९७ साली यीस्टपासूनच बाजारात आणली.

रंगाला गिऱ्हाईक आहे काय? बघा, फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने बुढ्ढी के बाल विकण्यास बंदी केली, कारण त्यात ऱ्होडामिन-बी हा कापडाचा रंग सापडला. पुढच्याच महिन्यात कर्नाटकानेही पाऊल उचलले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांतील 'रेड नंबर ३' या रंगाची परवानगी काढून घेतली. खात्रीच्या रंगाची गरज वाढत जाणार, हे उघड आहे.

तरीही माझे मत स्पष्ट आहे. सभासदांच्या ठेवीतून रंगाचा प्रकल्प उभारण्याची घाई कोणी करू नये. अल्कोहोलला हवा लागत नाही. रंगाचे यीस्ट वाढवायला मात्र भरपूर हवा आणि काटेकोर स्वच्छ टाक्या लागतात. आपल्या फर्मेंटरमध्ये ते जमणार नाही. मळी स्वतःच काळी, तिच्यातून रंग शुद्ध काढणे खर्चाचे. त्यापेक्षा स्वच्छ सिरप बरा. शिवाय जनुके बदललेल्या जिवांना १९८९ च्या नियमांखाली केंद्राची परवानगी लागते, आणि खाद्यपदार्थ म्हटला की अन्नसुरक्षा प्राधिकरणाचीही. आणि रंग किलोवर खपतो, टनावर नाही.

मग गप्प बसावे काय? तेही नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने त्या वर्षापुरता उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठ दिवसांत ती थोडी सैल झाली खरी, पण एकाच गिऱ्हाइकावर विसंबले की काय होते, ते साऱ्या साखर धंद्याने पाहिले.

दुसरा धडा जुना आहे. सन १८९७ मध्ये जर्मन कंपनीची कारखान्यात बनलेली नीळ बाजारात आली आणि बिहारमधील निळीची शेती उतरणीला लागली. तिथे शेत हिशेबातूनच गेले. यीस्टच्या रंगात शेत राहते, कारण त्याला साखर लागतेच. पण रंगासाठी हळद, झेंडू पिकविणाऱ्या आपल्याच बांधवांना त्याची झळ लागू शकते, हेही विसरू नये. आणि आपण नुसता खुराक टनावर विकून मोकळे झालो, तर मलई दुसराच खाणार.

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. एक, चार-सहा सहकारी कारखान्यांनी मिळून मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे किंवा विद्यापीठाकडे हा विषय न्यावा आणि कोणत्या प्रतीचा सिरप अशा यीस्टला मानवतो, याची छोटी चाचणी घ्यावी. दोन, उद्या कोणी कंपनी सिरप मागायला आली, तर करारात प्रतीनुसार दर आणि तयार मालाच्या विक्रीत वाटा, हे दोन्ही लिहून घ्यावे. तीन, ताजा, पाचट-मातीविरहित ऊस गव्हाणीत पडला पाहिजे. स्वच्छ सिरपची सुरुवात तोडणीपासून होते, आणि हे काम आपले व आमच्या शेतकी खात्याचे आहे.

पहिल्या दोन गोष्टींवर येत्या वार्षिक सभेत सभासदांनी जरूर बोलावे. तिसरीसाठी सभेची वाट पाहण्याचे कारण नाही.

— ऊस विकास अधिकारी