स्वस्त पडलं, पण कोणाला?

माझी धाकटी जाऊ २०२२ च्या मे महिन्यात रोमला जाऊन आली. आल्या आल्या फोटो दाखवायचा कार्यक्रम झाला. कोलोसियम झालं, व्हॅटिकन झालं, पाठमोरं उभं राहून कारंज्यात नाणं टाकणं झालं. मग भावोजी उत्साहाने म्हणाले, "आणि हे आमचं रोममधलं घर! किचनसकट! हॉटेलपेक्षा रोजचे चाळीस-पन्नास युरो वाचले." फोटोत एक छोटासा ओटा, त्यावर दोन शेगड्या आणि जाऊची पाठ. पोहे परतत होती.

मी विचारलं, "रोम कसं वाटलं गं?" तर म्हणाली, "छान होतं हो ताई. पण गॅस नव्हता, इलेक्ट्रिकची शेगडी होती. पहिले दोन दिवस अंदाजच येईना."

सगळे हसले, तीही हसली. मला मात्र ती पाठ बरेच दिवस आठवत राहिली.

हल्ली आपल्याकडची बरीच कुटुंबं टूर कंपनीचा हात सोडून स्वतःच युरोपला जायला लागली आहेत. दहा दिवसांत सात देश पळवण्याऐवजी एकच शहर, चार-पाच दिवस, निवांत. चांगलीच गोष्ट आहे. मग घरात कॉम्प्युटरसमोर बैठक बसते. विमानाचं तिकीट एकदाच काढायचं असतं, तिथे फारशी घासाघीस चालत नाही. त्यामुळे सगळी काटकसर येऊन पडते ती राहायच्या जागेवर. आणि मग कोणीतरी, बहुतेक वेळा नवराच, शोध लावतो की किचन असलेला फ्लॅट घेतला तर जेवणाचा खर्चसुद्धा वाचेल. बॅगेत पोहे, उपम्याचं मिश्रण, मेतकूट आणि छोटा कुकर जातो. कुकर कोणाच्या बॅगेत जातो हे सांगायला नको!

मी एका बचत गटाचं काम बघते. पापडाचा भाव ठरवताना आमच्या बायका उडदाची डाळ धरतात, पापडखार धरतात, प्लास्टिकची पिशवीसुद्धा धरतात. फक्त स्वतःची मजुरी धरत नाहीत. "आपण काय, घरीच असतो की!" दर वेळी मला ते वाक्य खोडावं लागतं, वहीत मजुरीचा रकाना आखून द्यावा लागतो. भावोजींच्या चाळीस-पन्नास युरोंच्या हिशेबातही तो रकाना नव्हता. सकाळी साडेसहाला उठून चौघांचा नाश्ता, दुपारचा डबा, रात्री खिचडी आणि मग भांडी. जाऊ पाच दिवस रोममध्ये होती, पण संध्याकाळी दिवे लागल्यानंतरचं रोम तिने पाहिलंच नाही.

त्या स्वस्त फ्लॅटची किंमत आणखीही कोणीतरी भरत होतं. जाऊनेच बोलता बोलता सांगितलं. त्यांची इमारत त्रास्तेव्हेरेत होती. नदीपलीकडची ही जुनी वस्ती, अरुंद गल्ल्या, दगडी फरशा, फारच सुंदर. चार मजले, आठ दारं. त्यातल्या सात दारांना आकडे दाबून उघडायची कुलपं. आठव्या दारावर पितळी पाटी, तिथे एक आजी एकट्या राहायच्या. हे लोक पहाटे पाच वाजता विमानासाठी निघाले, बॅगांची चाकं जिन्यावर धाड धाड वाजली, तेव्हा आजी दार उघडून बाहेर आल्या आणि इटालियनमध्ये काहीतरी बोलल्या. "बहुतेक शिव्याच असतील," जाऊ म्हणाली. मला वाटतं, मीही दिल्या असत्या. रोज रात्री नवे आवाज, रोज पहाटे नव्या बॅगा आणि आजारी पडलं तर दार ठोठवायला शेजारी म्हणून कोणी नाही.

ही काही एका आजीची गोष्ट नाही. बार्सिलोनात तर लोक रस्त्यावर उतरले. २०२४ च्या जुलैमध्ये तिथल्या मोर्चात हॉटेलांसमोर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या खेळण्यातल्या पिस्तुलांनी फवारे मारले गेले. त्याआधी जूनमध्येच महापौर जाउमे कोलबोनी यांनी जाहीर केलं होतं, की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवणार नाही. दहा वर्षांत शहरातली घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढल्याचा आकडाही त्यांनी दिला. घरमालकाला महिन्याच्या भाडेकरूपेक्षा दोन रात्रींचा पाहुणा परवडतो, हे गणित समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. गोव्यात भाड्याची खोली शोधणाऱ्या कोणत्याही नर्सला किंवा शिक्षिकेला विचारा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही रोमला जायचं ठरवलं, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, जागा मी शोधणार. आम्ही चौघं. आमचे हे, कॉलेजातली मुलगी, मी आणि पंच्याहत्तरीच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात आणि बाहेरच्या तळणाची त्यांना भीती वाटते. म्हणजे सगळ्या अडचणी घेऊनच निघाले होते.

पहिल्यांदा भुरळ घातली ती शहराबाहेरच्या हॉटेलांनी. खोली ऐसपैस, नाश्ता भरगच्च, भाडं कमी. नकाशा उघडला तर हॉटेल रोमभोवतीच्या ६८ किलोमीटरच्या रिंगरोडच्याही बाहेर! तिथून बस, मग मेट्रो, परत बस. सासूबाईंना दुपारी घटकाभर पडायला आणायचं म्हटलं तर दिवस संपलाच. तेव्हा ते बाद. तेर्मिनी स्टेशनजवळ लहान हॉटेलं खूप आहेत. मेट्रोच्या ए आणि बी या दोन्ही लाइन तिथे भेटतात आणि विमानतळाची गाडी अर्ध्या तासात थेट तिथेच येते. सोय उत्तम. पण आम्हाला परवडतील अशा खोल्या बहुतेक तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर होत्या आणि लिफ्टबद्दल कोणी स्पष्ट बोलेना.

लिफ्ट ही गोष्ट मैत्रिणींनो, लिहून विचारा. जुन्या इमारतींमध्ये लिफ्ट नंतर, जिन्याच्या मधल्या पोकळीत बसवलेली असते. दोन माणसं उभी राहिली की बॅग बाहेर. कधी पहिल्या मजल्याच्या आधी एक पोटमजला असतो, म्हणजे "दुसरा मजला" प्रत्यक्षात तिसरा निघतो. कधी लिफ्टपर्यंत जायलाच दहा पायऱ्या.

शेवटी सापडलं ते सिस्टरांचं घर. रोममध्ये अनेक धार्मिक संस्था आपल्या इमारतीतल्या खोल्या प्रवाशांना देतात. इटालियनमध्ये अशा जागेला "कासा पेर फेरिये" म्हणतात, सुटीतलं घर. पूर्वी यात्रेकरूंसाठी होत्या, आता कोणालाही मिळतात, ख्रिस्ती असण्याची अट नसते. मी चार ठिकाणी ई-मेल लिहिले, साध्या इंग्रजीत, सासूबाईंच्या गुडघ्यांसकट. दोन उत्तरं आली. एकाने लिफ्ट नाही असं प्रामाणिकपणे कळवलं. दुसरीकडे लिफ्ट होती, दोन-दोन पलंगांच्या दोन खोल्या होत्या आणि नाश्त्यासह रात्रीचे १४० युरो. तेव्हा युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता. फार स्वस्त नव्हे, पण चौघांना शहराच्या मध्यात, चालत जाण्याच्या अंतरावर!

खोली अगदी साधी. लोखंडी पलंग, पांढरी शुभ्र कडक चादर, टीव्ही नाही, भिंतीवर क्रूस. सासूबाईंनी त्याच्या खालच्या टेबलावर आपला दत्ताचा छोटा फोटो आणि जपमाळ ठेवली आणि म्हणाल्या, "राहतील दोघं." नाश्ता वाढणाऱ्या सिस्टर केरळच्या निघाल्या. काही वर्षं सोलापूरकडे काम केलेलं. "चहा पाहिजे का आजी?" असं त्यांनी मराठीत विचारल्यावर सासूबाईंचं रोम तिथेच सुरू झालं. दुपारी खाली बाग होती, तिथे त्या बसायच्या, आम्ही भटकायचो.

अडचणी नव्हत्या असं नाही. रात्री अकराला फाटक बंद. मुलगी पाच दिवस धुसफुसत होती, "हॉस्टेलपेक्षा वाईट आहे हे." नोव्हेंबरात रेडिएटर ठराविक वेळीच चालायचा, पहाटे गारठा. काही ठिकाणी लग्न न झालेल्या जोडप्यांना खोली देत नाहीत, तेही आधी विचारलेलं बरं. मुलीला मैत्रिणींबरोबर जायचं असेल तर फक्त मुलींसाठी वेगळी डॉर्मिटरी असलेली हॉस्टेलं युरोपभर आहेत. तिथे रात्री फाटक बंद होत नाही आणि मी तिला तिथे एकटी पाठवायला तयार आहे. हे तिने वाचावं म्हणूनच लिहिते आहे.

पैशांचं एक गुपित मात्र सगळीकडे सारखं. वेबसाइटवर दिसतो तो आकडा शेवटचा नसतो. रोममध्ये माणशी, प्रत्येक रात्रीचा पर्यटक कर असतो आणि तो बऱ्याचदा काउंटरवर वेगळा भरावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो वाढवला, तीन तारांकित हॉटेलात ६ युरो झाला. म्हणजे चौघांचे पाच रात्रींचे १२० युरो! फ्लॅट घेतला तर वर साफसफाईचे पैसे, आणि ते एक रात्र राहा की पाच, तेवढेच. म्हणून दोन रात्रींसाठी फ्लॅट बहुधा महागच पडतो.

व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या राहण्याचा पुरावा लागतो, तेव्हा व्हिसा हातात पडेपर्यंत बिनदंड रद्द करता येईल असंच बुकिंग घ्यावं. आणि फ्लॅट घ्यायचाच असेल तर इटलीत १ जानेवारी २०२५ पासून अशा प्रत्येक जागेला राष्ट्रीय नोंदणी क्रमांक बंधनकारक आहे, जाहिरातीतही आणि दारावरही. तो दिसला नाही तर पुढे जाऊ नये. मुलींनी तर नाहीच नाही.

एक खास बायकी मुद्दा. इटलीत न्हाणीघरात बिडे असतो. १९७५ च्या सरकारी नियमानेच तो घरोघरी सक्तीचा केला. त्यामुळे पाण्याची चिंता मिटली. पॅरिसला जाणाऱ्यांनी मग न्यावा.

राहिला प्रश्न जेवणाचा. सकाळी नाश्ता होताच. दुपारी वजनावर विकतात तो पिझ्झा, त्यात बटाटा आणि रोझमेरीचा तर सासूबाईंनी चक्क मागून घेतला. कॉफी काउंटरशी उभं राहून प्यायची, टेबलावर बसलं की दर वाढतो. पिण्याचं पाणी रस्त्यावरच्या लोखंडी नळांना चोवीस तास, फुकट आणि गोड. तेर्मिनीच्या मागे एस्क्विलिनोच्या मंडईत हिरवी मिरची, कोथिंबीर, डाळी, तांदूळ सगळं मिळतं. मी बघितलं, खूश झाले आणि काहीही न घेता परत आले.

किचन कोणालाच नको असं मी म्हणत नाही. तान्हं मूल आहे, कोणाला पथ्य आहे, कोणी कांदा-लसूणही खात नाही, तिथे ओटा लागतोच. आठ-दहा जणांचा गोतावळा असेल तरी फ्लॅट बरा पडतो. फक्त बुकिंग करतानाच ठरावं, की सोमवारचे पोहे कोणाकडे, मंगळवारची भांडी कोणाकडे.

जाऊ आता व्हिएन्नाचं म्हणते आहे. परवा फोन आला. "ताई, तिकडेही सिस्टरांचं असतं का हो असं काही?" मी म्हटलं, "शोधू या. पण भावोजी काय म्हणतायत?" तर म्हणाली, "ते म्हणतायत, किचनवालंच घेऊ, पोहे मी करतो." मग जरा थांबून, "त्यांना कांदा चिरता येत नाही हो."

तरी मी तिला म्हटलंय, दोन्हीकडे ई-मेल टाकून ठेव.