क्ष कुणाला हवा आहे?

दहावीच्या बीजगणितात, वर्गसमीकरणांच्या प्रकरणात, शेततळ्याचे एक शाब्दिक उदाहरण आहे. तळवेल गावच्या शेतकऱ्याने रानात चौरस तळे खणले. रानाची लांबी रुंदीच्या दुपटीहून 10 मीटर जास्त, तळ्याची बाजू रुंदीच्या एक तृतीयांश, रानाचे क्षेत्रफळ तळ्याच्या 20 पट. उत्तर येते : रान 100 बाय 45 मीटर, तळे 15 मीटरचे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याच्या मुलांना शेततळे काय असते हे समजावून सांगावे लागत नाही, म्हणून उदाहरण जवळचे वाटते. पण तळ्याची बाजू रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने रुंदी आधीच मोजलेली असणार. त्या शेतकऱ्याला क्ष नको आहे. तो हवा आहे परीक्षकाला.

शेतकऱ्याचा प्रश्न त्यापुढे सुरू होतो. तळे तीन मीटर खोल, कडा सरळ धरल्या, तर त्यात 675 घनमीटर पाणी मावेल. उरलेल्या रानावर पसरले तर जेमतेम 16 सेंटिमीटर. एवढ्यावर ज्वारी निघेल का? नसेल तर तळे किती वाढवावे? तळे वाढले की पाणी वाढते आणि पेऱ्याची जमीन घटते. बाजूचा वर्ग इथे आपसूक येतो. पुस्तकातल्या उदाहरणात मात्र शून्य हे मूळ सोडून दिले की साधे एकघाती समीकरण उरते.

बीड जिल्ह्यात समीकरणांचा तुटवडा नाही. दिवाळीच्या सुमारास हजारो कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्यांच्या मागे मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात, काही बरोबरच जातात. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे 366 रुपये झाला. आधीचा दर किती होता? 366 मधून 34 टक्के वजा करणारा मुलगा 242 च्या आसपास पोचतो आणि चुकतो, 1.34 क्ष = 366 मांडणारी मुलगी 273 वर येते. समजा मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल एक लाख, जोडीची तोड दिवसाला दोन टन, हंगाम 150 दिवसांचा आणि एका खाड्याला 500 रुपये कापले जातात. खर्ची बाजूला ठेवली तरी उचल फिटायला सातपेक्षा जास्त खाडे परवडत नाहीत. आजारपण धरून सात! हे गणित मुकादमाच्या वहीत असते. ते सोडवता येणारे मूल घरात असेल, तर ती वही तपासता येते.

घरची उचल फळ्यावर आली तर मुलाला लाज वाटेल, असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे आणि शिक्षकाने ते जपले पाहिजे. पण जीएसटी आणि शेअर्स याच पुस्तकात आहेत. व्यापाऱ्याचा हिशेब चालतो, तर मजुराचाही चालावा.

प्रत्येक उदाहरण पोटापाण्याचेच असावे, असा हट्ट मात्र आमचा नाही. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या लीलावतीत नऊ हात उंच खांबावरचा मोर, सत्तावीस हातांवरून खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे निघालेल्या सापावर झेप घेतो. दोघे सारखेच अंतर कापतात. मग ते बिळापासून किती हातांवर भेटतात? बारा. याचा व्यवहारात उपयोग शून्य, पण नायगावच्या मयूर अभयारण्याजवळच्या मुलाला उत्तर मनापासून हवे असते.

राज्यात 2025-26 पासून पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत आहे. नववी-दहावीच्या पुस्तकांसाठी बालभारतीने धारूर, वडवणी, शिरूर कासार इथल्या जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक आताच बोलवावेत. वय आणि होडीची उदाहरणे सरावापुरती ठेवावीत. प्रत्येक प्रकरणात निदान दोन उदाहरणे अशी असावीत, ज्यांत माहिती मुलांनी स्वतः गोळा करायची आहे आणि उत्तर गावागावांत वेगळे येणार आहे. शिवाय मंडळाच्या 40 गुणांच्या प्रश्नपत्रिकेत अशा उदाहरणांना गुण ठेवावेत. गुण नसले तर वर्गात ती कुणीच सोडवणार नाही.