पाहण्यास ठेविलेलें चित्र

हल्लीं आंतरजालावर छायाचित्रें मांडणें जितकें सोपें, तितकेंच तीं उचलून नेणेंही सोपें झालें आहे. चोरी टळावी म्हणून कित्येक छायाचित्रकार माउसच्या उजव्या कळीनें चित्र उतरवून घेण्याची सोय बंद ठेवितात. आमच्या मतें हें दार सुतानें बांधण्यासारखें आहे; कारण चित्र दिसूं लागतें तेव्हांच त्याची प्रत पाहणाऱ्याच्या यंत्रांत आलेली असते. नांवाचा शिक्का मारावा, तर कडेचा कातरतां येतो व मधला चित्राची शोभा घालवितो. त्यांतल्या त्यांत बरा मार्ग हा कीं, लहान प्रत दाखवावी व मोठी मूळ प्रत जवळ ठेवावी. वाद पडल्यास तीच पुराव्यास उपयोगी पडते.

कायदा कर्त्याच्या बाजूस आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानें मिळणाऱ्या हक्कास नोंदणी लागत नाहीं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील तो हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षें टिकतो. पण प्रत्येक चित्रासाठीं न्यायालयांत कोण धांवणार?

म्हणून खरें कुलूप पाहणाऱ्याच्या मनासच हवें. कुंपणाबाहेर डोकावणारें फूल आपलें होत नाहीं. विद्यार्थ्यांनीं अभ्यासासाठीं चित्र घेतल्यास कर्त्याचें नांव लिहावें. छापावयाचें असल्यास परवानगी मागावी. विकिमीडिया कॉमन्सवर कर्त्यांनीं आपण होऊन खुलीं केलेलीं पुष्कळ चित्रें आहेत. तीं अटी वाचून घ्यावीं. आणि पालकांनीं मुलाच्या वहींतील चित्र पाहून "किती सुंदर!" म्हणतांना "कोणाचें?" हेंही अवश्य विचारावें.