गोव्याच्या खाणी नेमक्या कोणी बंद पाडल्या?

१/ गोव्यात खाणींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘पर्यावरणवाद्यांनी खाणी बंद पाडल्या.’ २०१२ आणि २०१८ अशा दोन वेळा हा व्यवसाय ठप्प झाला. या वाक्यामागे बुडालेल्या रोजगाराचे दुःख आहे, म्हणून ते हेटाळण्याजोगे नाही. परंतु ते खरे आहे का, हे घटनाक्रम लावूनच ठरवावे लागते.

२/ आरंभ पोर्तुगीज काळात आहे. वसाहतीच्या खाण कायद्यानुसार लोहखनिजाचे परवाने कायमस्वरूपी दिले जात. १९५० च्या दशकात जपानची मागणी वाढली आणि डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील डोंगर व्यापारी घराण्यांच्या ताब्यात गेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला; परवाने मात्र तसेच राहिले.

३/ १९८७ मध्ये संसदेने कायदा करून हे परवाने रद्द केले आणि त्यांचे रूपांतर मुदतीच्या लीजमध्ये केले. खाणमालक न्यायालयात गेले. खटले चालू राहिले, खोदकामही चालू राहिले. पहिल्या नूतनीकरणाची वीस वर्षांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. त्या दिवशी खाणींवर काहीच बदलले नाही. पुढील सारा अनर्थ या तारखेत दडलेला आहे.

४/ गोव्यातील खनिज डोंगरात असते आणि तोच डोंगर पावसाचे पाणी साठवतो. एक टन खनिजासाठी साधारण दोन-तीन टन माती उपसावी लागते. तिचे डंप पावसाळ्यात वाहतात आणि गाळ शेतांत, ओहोळांत, नद्यांत उतरतो. खड्डा भूजलपातळीखाली गेला की पाणी पंपाने उपसतात आणि आसपासच्या विहिरी आटतात. शिरगाव, पिसुर्ले या गावांच्या तक्रारी मुख्यतः याच होत्या.

५/ २००० नंतर चीनची भूक वाढली. पूर्वी टाकाऊ समजले जाणारे हलक्या प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले. २०१०-११ च्या सुमारास वर्षाची निर्यात पाच कोटी टनांच्या घरात होती. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाख. म्हणजे दर माणशी सुमारे ३४ टन खनिज एका वर्षात राज्याबाहेर गेले.

६/ केंद्राने २०१० मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला. बेकायदा उत्खननामुळे सुमारे ३५ हजार कोटींचे नुकसान झाल्याचा त्याचा अंदाज होता. तो आकडा वादग्रस्त ठरला. पण खाणी प्रथम थांबवल्या त्या राज्य सरकारने, १० सप्टेंबरला. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती त्यानंतर, ५ ऑक्टोबरला आली.

७/ गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल लागला. २००७ नंतरचे उत्खनन बेकायदा ठरले. परंतु न्यायालयाने खाणकाम कायमचे निषिद्ध केले नाही. वर्षाला दोन कोटी टनांची अंतरिम मर्यादा, लीजक्षेत्राबाहेर डंप करण्यास मनाई आणि विक्रीच्या रकमेतील दहा टक्के भावी पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत, अशा अटींवर मार्ग मोकळा ठेवला.

८/ जबाबदार खाणकामाचा तो लेखी आराखडाच होता. मग घडले काय? लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी निघाला. त्याआधीच्या काही आठवड्यांत राज्याने ८८ लीजचे नूतनीकरण उरकले. त्यांतील अनेक अगदी शेवटच्या दिवसांत.

९/ ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही ८८ नूतनीकरणे रद्द केली. नव्याने लीज देणे अपेक्षित असताना जुन्यांनाच घाईने मुदतवाढ दिली, हा आक्षेप त्याच्या मुळाशी होता. १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद. याचिका आंदोलकांची होती, हे खरे. तिला जिंकण्याचे कारण पुरवले ते मात्र या घाईने.

१०/ किंमत मात्र तिसऱ्यानेच मोजली. सावर्डे-कुडचडे पट्ट्यात कर्ज काढून ट्रक घेतलेला माणूस, बार्जवरचा खलाशी, गॅरेजवाला, खानावळ चालवणारी बाई. नूतनीकरणाच्या फाईलवर यांपैकी कोणाचीही सही नव्हती. त्यांचा रोष जवळ दिसणाऱ्या याचिकाकर्त्यावर निघाला, हे स्वाभाविक होते.

११/ येथे पर्यावरण चळवळीलाही एक उणेपण मान्य करावे लागेल. बेकायदेशीरपणा तिने पुराव्यानिशी मांडला. पण उद्या ट्रकवाल्याने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर तितक्या तयारीने मांडले नाही. खनिज हा लोकांचा सामायिक ठेवा आहे, हा तिचा युक्तिवाद बिनतोड आहे. तथापि त्या ठेव्याचा लाभ दारी पोहोचल्याशिवाय तो ट्रकवाल्याच्या गळी उतरणार कसा?

१२/ म्हणून ‘विकास की पर्यावरण’ ही मांडणीच फसवी आहे. मर्यादा पाळणारी खाण दीर्घकाळ चालते. मर्यादा झुगारणारी खाण न्यायालयात थांबते आणि रोजगार सोबत नेते. ज्या गावाची विहीर आटते, त्या गावाला उपशाचा हिशेब तपासण्याचा अधिकार नसेल, तर ‘जबाबदार’ हे विशेषण केवळ फलकावर उरते.

१३/ डिसेंबर २०२२ पासून गोव्यात खनिजपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आहेत. लिलावाने मालकीचा प्रश्न काहीसा सुटतो, पाण्याचा नाही. टनांची मर्यादा, निधीचा हिशेब आणि गावाचा शब्द या तीन गोष्टी पाळल्या गेल्या, तर आंदोलकाला न्यायालयाची पायरी चढण्याचे कारण उरणार नाही. न पाळल्यास तिसऱ्यांदा खाणी बंद पडतील आणि दोष पुन्हा भलत्याच्याच माथी बसेल.